मेलेल्या रानरेड्याच्या शिंगातून बोटं उगवली आहेत (फोटोसह)

दूरदेशी

मंडळी, चार वर्षं झाली नैरोबीत आहे. नोकरी रस्तेबांधणीतली, त्यामुळे फिरणं भरपूर, पण प्राणी-पक्ष्यांतलं ज्ञान यथातथाच. गेल्या महिन्यात आई-बाबा नाशिकहून आले होते. त्यांना घेऊन मसाई मारात तीन दिवस राहिलो. सिंह दिसले, चित्ता दिसला, सगळं झालं. पण धागा त्यांच्यावर नाही.

आमच्या मुक्कामाच्या दाराशी कवट्यांचा ढीग मांडून ठेवला होता. रानरेडे, विल्डबीस्ट, एक पाणघोडा. अशी आरास इकडे बऱ्याच ठिकाणी दिसते. बाबा चहाचा कप घेऊन तिथे उभे होते. तिथूनच हाक आली, "अरे, या शिंगाला काय झालंय बघ."

जाऊन पाहतो तर एका रानरेड्याच्या शिंगावर बोटंच बोटं. मातकट रंगाची, करंगळीएवढी, काही सरळ तर काही वाकडी, एकाच शिंगावर वीस-पंचवीस तरी. बाकीच्या कवटीवर एकही नाही. आई म्हणाली, "कुणीतरी उदबत्त्या खोचून विझवल्यासारखं दिसतंय." मला वाटलं बुरशी. बाबांचं मत मुंग्यांचं वारूळ.

आमचा वाटाड्या मसाई होता. त्याने एका शब्दात निकाल लावला: "नोन्दो." स्वाहिलीत नोन्दो म्हणजे पतंग, दिव्यावर येतो तो. पतंगाच्या अळ्या शिंग खातात आणि ही त्यांची घरं, असं त्याचं म्हणणं. एक नळी मोडून दाखव म्हटलं तर नाही म्हणाला, "आत कुणीतरी राहतं."

संध्याकाळी त्याच शिंगावर एक पिटुकला पतंग बसलेला सापडला. त्याचेही दोन फोटो खाली टाकतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. शिंग हा काय खाण्याचा पदार्थ आहे?

नाम्या

पैला. फोटो दिसत नाहीत.

सई_क

मलाही नाही दिसत. नुसते चौकोन येतायत.

दूरदेशी

तिसऱ्यांदा चढवले. अजूनही दिसत नसतील तर मी हात टेकले.

किडामुंगी

चौकोनच आहेत. असू द्या, पतंगाचं वर्णन लिहा. आणि "छोटासा, तपकिरी" एवढ्यावर सुटका नाही. बसला कसा होता, पंख कसे मिटले होते, डोकं कसं होतं, मिशा किती लांब, सगळं हवं. मोठा करून पाहा आणि लिहा.

दूरदेशी

ताई, परीक्षाच घेताय. बरं, लॅपटॉपवर मोठा करून पाहिला.

लांबी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, त्याहून थोडी कमीच. पंख मिटलेले, कौलारू घराच्या छपरासारखे दोन्हीकडे उतरते. रंग म्हणाल तर पावसाळ्याआधीच्या धुळीचा. करडा म्हणावं तर तपकिरी वाटतो, तपकिरी म्हणावं तर करडा. पंखांवर नक्षी नाही, डोळ्यासारखी वर्तुळं नाहीत, ठिपके असलेच तर पुसट. पंखांच्या टोकाला झालर आहे, जुन्या सतरंजीच्या दशा असतात तशी. आणि डोकं! बाकी अंग चापूनचोपून बसवलेलं, पण डोक्यावर फिकट पिवळट केस पिंजारलेले, झोपेतून उठून तसाच बाहेर आल्यासारखे. मिशा बारीक, दोऱ्यासारख्या, पाठीवर मागे टाकलेल्या.

माझ्या फोनला याहून जास्त दिसत नाही.

किडामुंगी

शाब्बास. आता फोटो नसले तरी चालतील.

तुमच्या वाटाड्याचं बरोबर आहे. पूर्व आफ्रिकेत मेलेल्या प्राण्याच्या शिंगावर अशा नळ्या दिसल्या की तो सेराटोफागा. ग्रीकमध्ये केरास म्हणजे शिंग आणि फागेइन म्हणजे खाणे, म्हणून सरळ "शिंगखाऊ". या प्रजातीत बऱ्याच जाती आहेत. त्यातली सगळ्यात जास्त पसरलेली आणि ओळखीची म्हणजे सेराटोफागा वास्टेला. तुमचा पाहुणा तोच असावा, पण नुसत्या बाह्य रूपावरून या मंडळींची जात पक्की करू नये. तज्ज्ञसुद्धा जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा कुठे नाव लिहितात.

कुळ मात्र तुमच्या वर्णनातूनच कळलं. पिंजारलेलं डोकं, छपरासारखे अरुंद पंख, कडेला लांब केसांची झालर, मळखाऊ रंग: टिनीडी. म्हणजे आपल्या लोकरी कपड्यांना भोकं पाडणाऱ्या पतंगांचं कुळ. शाल उघडल्यावर ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याचा हा आफ्रिकेतला चुलतभाऊ. या कुळातल्या बहुतेकांची सोंड खुजी असते, फुलाबिलांवर ते जात नाहीत. कपड्यांवरचे प्रौढ तर काही खातच नाहीत. खाण्याचं सगळं काम अळीपणीच उरकलेलं असतं.

वास्टेला या जातीचं नाव 1852चं आहे. योहान वालबेर्य नावाचा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ 1838 ते 1845 दक्षिण आफ्रिकेत हिंडून प्राणी, पक्षी, कीटक गोळा करत होता. त्याने आणलेल्या बारक्या पतंगांचं वर्णन जर्मनीच्या झेलरने केलं, त्यात हाही होता. वालबेर्य पुन्हा आफ्रिकेत गेला आणि 1856 साली आजच्या बोट्स्वानात, न्गामी सरोवराच्या भागात, हत्तीने त्याला मारलं. त्याच्या नावाचा गरुड आफ्रिका सफरीच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. त्याने आणलेल्या या धुळकट पतंगाबद्दल कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं.

नाम्या

अंगठ्याच्या नखाएवढा जीव रानरेड्याला खातो. साहेबांना सांगायला हवं.

शंकासुर

माहिती चांगली, पण एक शंका. मी पूर्वी कुठेतरी वाचलंय की या अळ्या जिवंत प्राण्याच्या शिंगातही असतात, आणि बिचारी हरणं तशीच फिरतात. चित्रही पाहिल्यासारखं आठवतं. वरच्या प्रतिसादात "मेलेल्या" असं ठासून लिहिलंय. आधार?

किडामुंगी

एकोणिसाव्या शतकात तसे दावे खरंच झाले होते. आफ्रिकेतून युरोपात शिंगं जात, तिथे पेटी उघडली की नळ्या दिसत, मग प्राणी जिवंत असतानाच हे झालं असणार असा तर्क निघे. वाद पुढेही रेंगाळला. 1910 साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने ऑगस्ट बस्क यांचं शिंग खाणाऱ्या आफ्रिकी अळीवर एक खास टिपण छापलं होतं. आज या अळ्या मेलेल्या जनावराचं शिंग आणि खूर खातात असंच मानलं जातं. शिकार झाल्यावर शिंगं आठवडेच्या आठवडे तळावर पडलेली असायची. पतंगिणीला अंडी घालायला एक रात्र पुरते.

शंकासुर

तर्क पटतो, पण तर्कच आहे. जिवंत प्राण्याला का नाही? शिंग तर दोन्हीकडे सारखंच.

डॉ_खिल्लारी

मी पशुवैद्यक, आता निवृत्त. पतंगातलं मला कळत नाही, पण शिंगात आयुष्य गेलं. माणदेशातली खिलार बैलं तपासून तपासून माझ्या बरगड्यांवर त्यांच्या शिंगांच्या सह्या आहेत.

शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शिंगाच्या घडणीत थोडं सापडेल. बैलाचं, म्हशीचं शिंग म्हणजे दोन वस्तू. आत कवटीतूनच निघालेला हाडाचा गाभा, त्यात रक्त खेळतं. त्यावर चढवलेलं टोपण, ते आपल्या नखाच्या जातीचं, म्हणजे केराटिन. जनावर मेलं की मधला ओला थर कुजतो, टोपण सैल होतं आणि हिसका दिला की हातात येतं. आपल्याकडे फुंकायची शिंगं अशीच करत. जित्या जनावरात ते टोपण गच्च बसलेलं असतं, बुडाशी वाढत असतं, आणि जनावर ते झाडाला घासतं, मातीत खुपसतं, दुसऱ्याच्या शिंगावर आपटतं. त्यावर नळ्या बांधून राहणाऱ्या अळीची काय शाश्वती?

आता जित्या बैलाच्या शिंगात किडे मी स्वतः पाहिलेत, एकदा नाही, शेकडो वेळा. आपल्या कामाच्या बैलांना, म्हणजे खच्ची केलेल्यांना, शिंगाचा कॅन्सर होतो. बैल मान झटकतो, शिंग एका अंगाला लवतं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. पुढे शिंग बुडाशी उकललं की माशी बसते आणि आत आसाडी पडते. खेडवळ माणूस म्हणतो, "शिंगात किडं झालं." ते माशीचे किडे, मऊ आणि पांढरे, आणि ते कुजलेलं मांस खातात. शिंगाला तोंड लावत नाहीत. टर्पेंटाइनचा बोळा घातला की भराभरा बाहेर. असंच कुणी तिकडे पाहिलं असेल, आणि इकडे नळ्या लागलेलं शिंग, तर दोन्हीची सांगड घालायला कितीसा वेळ लागतो?

शंकासुर

डॉक्टरसाहेब, मान्य. बरगड्यांवरच्या सह्यांपुढे माझं "कुठेतरी वाचलंय" टिकत नाही.

सई_क

बाळबोध प्रश्न. मग हरणाचं शिंग पण खातो का हा? आमच्या मामांकडे सांबराचं शिंग होतं भिंतीवर, त्याला कधी काही झालं नाही.

डॉ_खिल्लारी

सईताई, मराठीचा इथे घोटाळा होतो. आपण दोन्हीला शिंगच म्हणतो. सांबर, चितळ यांचं शिंग सगळं हाड, दरवर्षी गळतं आणि नवं येतं. गवा, काळवीट, नीलगाय, चौशिंगा यांचं टोपणवालं, ते जन्मभराचं. तुमच्या मामांच्या शिंगात केराटिन नाहीच, अळीने खावं काय? आणि गेंड्याचं त्याच्या उलट, आत हाड अजिबात नाही, सगळंच केराटिन.

अवांतर: मामांकडे त्या शिंगाचे कागद आहेत का, ते विचारा. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर असल्या वस्तू घरात ठेवणं सोपं राहिलेलं नाही.

वाटसरू_मौन

वाचनमात्र होतो, पण हरणावरून आठवलं. सहाराच्या दक्षिणेला गळक्या शिंगांची हरणं मुळातच नाहीत. इंपाला, कुडू, विल्डबीस्ट, टोपी नावाचं हरण, सगळी टोपणवाली. म्हणजे या पतंगाला पंगत किती मोठी, विचार करा.

मी काही वर्षं टांझानियात होतो. विल्डबीस्टचं स्थलांतर तेरा लाखांच्या घरातलं. मारा नदी ओलांडताना जी बुडतात त्यांचा हिशोब 2017 साली एका शोधनिबंधात आला होता: वर्षाला सरासरी 6,250 जनावरं, वजन 1,100 टन. मांस मगरी, गिधाडं, मासे संपवतात. हाडं सावकाश विरत जातात, त्याला सात वर्षं लागतात असं त्यांनी मांडलं होतं. आणि हे झालं नुसत्या नदीचं. गवतात मरणारी वेगळी.

मला मजा वाटते ती तरसाची. तरस हाड कडाकडा फोडतं, गिळतं, पचवतं, म्हणून तर त्याची विष्ठा खडूसारखी पांढरी. पण केस, खूर, शिंगाचे तुकडे त्यालाही पचत नाहीत. गोळा करून ओकून टाकतं. म्हणजे जिथे तरसानेही हात जोडले, तिथे हा पतंग जेवायला बसतो.

नाम्या

"जिथे तरसानेही हात जोडले" हे मी माझ्या सासुरवाडीच्या लाडवांसाठी उसनं घेतो.

दूरदेशी

मौनराव, भारीच. पण माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. तरसाला जे जमत नाही ते या चिमुरड्याला कसं जमतं?

किडामुंगी

रसायनशास्त्र येतंय, सांभाळून घ्या.

केस, नखं, लोकर, पिसं, शिंग हे सगळं केराटिन. त्याच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. केस जळाला की जो वास येतो त्यात गंधकाचा वाटा मोठा. पार्लरमध्ये केस कायमचे कुरळे करतात तेव्हा रसायन लावून हेच पूल तोडतात आणि हव्या त्या वळणावर पुन्हा जोडतात. आपल्या जठरातल्या पाचकरसांना हे पूल तुटत नाहीत, म्हणून चुकून गिळलेला केस जसाच्या तसा बाहेर येतो.

कपड्यांवरच्या पतंगाच्या अळीवर 1930च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम झालं. होय, बिअरवाल्यांचीच ती. लिंडरस्ट्रॉम-लांग आणि दुस्पिव्हा यांना दिसलं की अळीच्या आतड्याच्या मधल्या भागात वातावरण चांगलंच अल्कधर्मी असतं, शिवाय तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. अशा ठिकाणी गंधकाचे पूल सुटतात. एकदा ते सुटले की उरलेलं केराटिन म्हणजे साधं प्रथिन, ते मग पाचकद्रव्यं फस्त करतात. शिंगखाऊची पचनाची भट्टीही याच घराण्यातली असावी.

आता नळ्या. अळी शिंग पोखरते, त्याचा भुगा आणि स्वतःची विष्ठा रेशमात गुंफते आणि नळी बाहेर काढते. आतून बाहेर, बाहेरून आत, जा-ये त्यातूनच. पुढे कोषही तिथेच. पतंग निघायची वेळ आली की कोष आतून सरकत सरकत नळीच्या तोंडाशी येतो, अर्धा बाहेर डोकावतो, आणि तिथे फाटतो. रिकामं साल तसंच लटकत राहतं. दूरदेशी, पुन्हा गेलात तर नळ्यांची टोकं बघा. तपकिरी, कागदासारखं काही लोंबताना दिसलं तर त्या घरातला भाडेकरू गेला.

याच प्रजातीतली एक जात अमेरिकेत फ्लोरिडात आहे, ती मेलेल्या कासवाची पाठ खाते. कासवाच्या पाठीवरचे खवले म्हणजेही केराटिनच. तिथल्या आर्चबोल्ड जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली त्यावर लिहिलं होतं. त्या अळ्या नळ्या वर काढत नाहीत, कवचाखालच्या वाळूत उतरवतात. असं का, यावर मी एका दुपारी बराच वेळ घालवलाय, हाती काही लागलं नाही.

सई_क

थांबा थांबा. रेशमात गुंफलेली नळी, आत अळी… आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी असते. हळूहळू सरकते. दोन्ही टोकांनी तोंड काढते. मी आजवर तिला "चालती बी" म्हणत आले. हा तोच का?

किडामुंगी

सई, तोच नाही, पण घरचाच. त्याच टिनीडी कुळातला, फेरेओइका. पिशवी रेशमाची, वर धूळ, वाळू, भिंतीचा भुगा चिकटवलेला. मधे फुगीर, म्हणून अळीला आत वळता येतं आणि दोन्ही दारांनी ये-जा करता येते. खाते काय? कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस, लोकर. दमट हवेतल्या घरांत ही हमखास. तिचा पतंगही असाच धुळकट, पिंजारलेल्या डोक्याचा. तो तुम्ही नक्की पाहिला असणार आणि काही न पाहिल्यासारखा झटकला असणार.

सई_क

झाडूने. अनेकदा. आता कसंतरी वाटतंय.

आजीचा_बटवा

आमच्याकडे पेटीतल्या लुगड्यांना भोकं पडली की "कसर लागली" म्हणायचे. कडुनिंबाचा वाळला पाला आणि वेखंड ठेवायचे. मग ही कसर म्हणजे हा पतंग की ती चंदेरी, मासोळीसारखी पळणारी?

किडामुंगी

कसर हा शब्द दोघींवर सारख्याच रागाने वापरला जातो. ओळखायची युक्ती अशी: पुस्तकं, खळ घातलेलं सुती कापड कुरतडलेलं असेल तर बहुतेक ती चंदेरी. तिला पिठूळ आवडतं. शाल, स्वेटर, गालिचा यांना भोकं असतील आणि शेजारी रेशमी जाळं किंवा बारीक नळी दिसली, तर पतंगाची अळी.

नाम्या

दूरदेशी, येताना एक शिंग घेऊन या. दिवाणखान्यात ठेवू, नळ्यांसकट.

दूरदेशी

नाम्या, तुला तुरुंगात जायचंय की मला पाठवायचंय? केनियात शिकार 1977 सालीच बंद झाली. प्राण्यांचे अवशेष विनापरवाना जवळ ठेवणंही गुन्हा. त्यात नळ्यांसकट म्हणजे जिवंत किडे विमानातून. बाबांनी कवटीला नुसता हात लावला तर वाटाड्याने घसा खाकरला होता.

वाटसरू_मौन

स्वाहिलीत शिंगाला "पेम्बे" म्हणतात, आणि हस्तिदंतालाही पेम्बेच: "पेम्बे झा न्दोवू", हत्तीची शिंगं. मराठीने सांबर-बैल एक केले, तिने बैल-हत्ती. हस्तिदंत मात्र दाताचंच, त्यात केराटिन नाही, त्यामुळे तिथे या पतंगाची डाळ शिजत नाही.

डॉ_खिल्लारी

मौनराव, छान सांगितलंत. पोळ्याला आम्ही बैलाची शिंगं तासून, तेल लावून, हिंगूळ चढवतो. आता यंदा हात फिरवताना हा पिंजारलेल्या डोक्याचा गडी आठवणार.

दूरदेशी

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

कामानिमित्त नारोकला गेलो होतो. तिथून पुढे दोन तास गाडी मारून त्याच मुक्कामी एक रात्र राहिलो. जेवायच्या आधी बॅटरी घेऊन कवट्यांपाशी गेलो. किडामुंगीताई, तुम्ही म्हणाला होतात तसंच. सात नळ्यांच्या तोंडाशी तपकिरी सालं लटकत होती, कागदासारखी, फुंकर मारली तरी हलणारी. तीन नळ्या मोडलेल्या, पावसाने असेल किंवा पोरांनी.

वाटाड्या तोच होता, त्याने मला ओळखलं. बॅटरीचा झोत शिंगावर धरला आणि म्हणाला, इथे बघ. एका नळीच्या टोकाला कोष अर्धा बाहेर, पाठीवर उकललेला, आणि बाजूला पतंग. पंख अजून पुरते सरळ झालेले नव्हते, सुरकुतलेल्या रुमालासारखे. झालर ओली, एकमेकींना चिकटलेली. डोक्यावरचे केस तेव्हाही पिंजारलेलेच! म्हणजे तो जन्मतःच तसा. अर्ध्या-पाऊण तासाने पंख छपरासारखे बसले आणि तो धुळीच्या रंगाचा होऊन गेला. बॅटरी दोन इंच हलवली तर पुन्हा शोधावा लागला.

आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, "एवढासाच? बरं, जेवलास का तू?"

फोटो चढवलेत. या वेळी तरी दिसतायत का?

नाम्या

चौकोन.